पडवळाचं पथ्य

होस्टेलच्या मालकानं एकदा मंडईतनं पोतंभर पडवळ आणलं. स्वस्तात गावलं म्हणून आणलं. दत्तोबानं पोत्याची सुतळी सोडली, आत बघितलं, पुन्हा बांधली आणि पोतं खांद्यावर टाकून गेटाबाहेर नेऊन ठेवलं.

"काय झालं ओ दत्तोबा? किडकं हाय का?"

"किडकं न्हाय. मी त्याला शिवत न्हाय. शिजवायचंच आसंल तर दुसरा आचारी बघा."

त्या होस्टेलात पस्तीस पोरं टिकून होती ती दत्तोबाच्या भाकरीवर, खोल्यांवर नव्हे. मालकाला ते पक्कं ठाऊक होतं. पोतं म्हशीपुढं गेलं आणि पोरांना त्या दिवशी पुन्हा बटाटा मिळाला.

बारामतीत भिगवण रस्त्याला हे होस्टेल. साल सत्त्याण्णव. दत्तोबा कोकरे, गाव कळस, वय पन्नाशीच्या पुढं. उंच, वाळका, गुडघ्याला धोतर, डोक्याला पटका. बापजाद्यांची मेंढरं होती. कॅनॉलचं पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला, चरायला पड जमीन उरली नाही, मेंढरं विकली. पूर्वी मेंढरं रानात बसवायची तिथं पंधरा माणसांचं कालवण-भाकरी दत्तोबाच करायचा. तेवढी एक विद्या शहरात कामाला आली. दुसरी विद्या त्यानं गावाकडंच पुरून टाकली होती.

ती दुसरी विद्या म्हणजे पान उतरवायची. पुस्तकात सर्पदंश म्हणतात. आमच्याकडं पान लागलं म्हणतात आणि तेच बरोबर आहे, कारण त्याचं नाव घेतलं की ते ऐकतं. दत्तोबाच्या बापानं त्याला ग्रहणात कॅनॉलच्या पाण्यात छातीभर उभं करून मंत्र दिला. मंत्राबरोबर पथ्य दिलं. निरोप आला की तोंडाशी नेलेला घास खाली ठेवून निघायचं. निरोप कानावर पडताच पटक्याच्या शेवाला गाठ मारायची, म्हणजे आपण पोचेपर्यंत विष जागच्या जागी थांबतं. पान लागलेल्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, मग बिदागी लांबच. आणि पडवळ खायचं नाही. पडवळ दिसतं कसं ते बघा, म्हणजे कळंल. मंत्रवाल्यानं खायचं नाही, त्याच्या बायकापोरांनीही नाही.

विष उतरंना झालं तर मंत्रवाला हात थांबवायचा आणि विचारायचा, "पथ्य कुणी मोडलं?" कुणीतरी मोडलेलं असायचंच. निरोप्यानं वाटंत चहा घेतलेला असायचा, नाहीतर घरात कुणीतरी चोरून पाणी पाजलेलं असायचं. त्यानं कबूल व्हायचं, नारळ फोडायचा आणि मंत्र पुन्हा पहिल्यापासनं. कबूल झाल्याबिगर मंत्र पुढं सरकत नाही, असा नेम.

दत्तोबाच्या हाताला यश होतं. निम्म्याच्या वर जनावरं बिनविषारी असतात, हे आता कळतं. तेव्हा माणसं उठून घरी जायची ती दत्तोबामुळं, आणि जी उठायची नाहीत त्यांच्या घरात पथ्य मोडलेलं निघायचं.

शहाऐंशी साली दिवाळीच्या तोंडाला त्याच्याच सारजाला पान लागलं. एकुलती एक लेक, चौदा वर्षांची. सकाळी उसाच्या बांधाला गवत कापताना घोणशीनं पोटरीला धरलं.

शेजारचा मानसिंग ट्रॅक्टर घेऊन दारात आला. मागं ट्रॉली, ट्रॉलीत वैरण अंथरलेली. इंजिन चालू ठेवूनच ओरडला, "दत्तोबा, इंदापूरला घालू. तासाभरात पोचतंय."

"लोकांच्या लेकी माझ्या दारात येत्यात. आन् माझी लेक मी दुसऱ्याच्या दारात न्हिऊ?"

मानसिंगनं इंजिन बंद केलं.

कडुलिंबाचा पाला चारला, सारजाला कडू लागंना. म्हणजे विष चढतंय. पाय मांडीपर्यंत सुजला. हिरड्यांतनं रगत यायला लागलं. दुपार झाली तसा दत्तोबाचा घसा बसला, हातातला लिंबाचा डहाळा थांबला. मानसिंगनं दुसऱ्यांदा इंजिन चालू केलं. बघणारे सांगतात, त्या वेळी दत्तोबानं ट्रॅक्टरकडं बघितलं. उठायला म्हणून गुडघ्यावर हातसुद्धा ठेवला. पण सवयीनं एकदा विचारलंच.

"पथ्य कुणी मोडलं?"

कुणी बोलंना. मग त्याची बायको कौसल्या, सारजाच्या उशाला बसली होती, ती म्हणाली, "मी. परवा अंथुर्ण्याला बहिणीकडं पडवळ खाल्लं."

दत्तोबानं बायकोकडं एकदा बघितलं. नारळ फोडला आणि पुन्हा बसला. मानसिंगनं इंजिन बंद केलं. दिवस मावळायच्या आत सारजा गेली.

मी अंथुर्ण्याचा, होस्टेलातल्या त्या पस्तीस पोरांतला एक. कौसल्याची बहीण द्वारकाबाई आमच्याच आळीला राहायची. ती बिचारी ज्याला त्याला सांगायची, "आगं बायांनू, त्या दिवशी मी पावट्याची आमटी केली हुती. पडवळ आमच्या घरात आलंच न्हवतं." बाया एकमेकींना डोळा घालायच्या. बहिणीची बाजू घेतीय म्हणायच्या. कौसल्या स्वतःच्या तोंडानं कबूल झाली होती, मग द्वारकाबाईचं कोण ऐकतंय? दोन्ही गावांत तिला नाव पडलं, पडवळवाली. लग्नाच्या पंगतीत ती बसली की "आगं, वाढपीला इचार, पडवळ हाय का" म्हणून खिदळणाऱ्या बाया मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. पोरगी मेलेल्या बाईला.

दत्तोबानं बायकोला मारलं नाही, टाकलं नाही, शिवीही दिली नाही. मंत्र म्हणायचं सोडलं आणि आचारी म्हणून बारामतीला आला. तरी वर्षातनं दोनचार निरोप यायचेच. तो सांगायचा, "माझ्या घरात पथ्य मोडलंय. मंत्र रुसलाय." पंधरा दिवसांनी गावी जायचा. कौसल्या ताट वाढायची. हा आधी कालवणाच्या भांड्याचं झाकण उचलून बघायचा आणि विचारायचा, "पडवळ न्हाय ना?" ती म्हणायची, "न्हाय." मग जेवायचा. अशी अकरा वर्षं. द्वारकाबाई म्हणायची, दोघांत तेवढंच बोलणं उरलंय.

होस्टेलात रणजित नावाचा पुण्याचा पोरगा होता. त्याच्या मावसभावानं परदेशातनं एक खेळ पाठवला. जाडजूड पुस्तकाच्या झेरॉक्स आणि वीस तोंडांचा एक फासा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक, आमच्या तोंडात सोंगाचा खेळ हेच बसलं. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं. संकट आलं की आपण काय करतो ते सांगायचं आणि फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. गुरुवारी दुपारी लाईट नसायची, तेव्हा आम्ही मेसच्या पत्र्याच्या शेडात बसायचो. रणजित सांगणारा, मी लढवय्या, इंदापूरचा दादासो चोर. मांत्रिकाचं सोंग रिकामं होतं.

"पुस्तकात मंत्र मोजून दिलेत. दिवसाला तीन, दिवसाला चार," रणजित म्हणाला. "ते मला पटत नाही. माझ्या खेळात मंत्र विश्वासावर चालणार. मांत्रिकानं कागदावर लिहायचं, माझा मंत्र कशामुळं चालतो. देवामुळं, गुरूमुळं, स्वतःमुळं, काहीही. त्यावर तो ठाम राहिला तर फाशाच्या आकड्यात पाच वाढवायचे. मनात शंका आली की पाच वजा."

"मग मी होतो मांत्रिक," दादासो म्हणाला. "माझा मंत्र मटणावर चालतो. बुधवारी आन् रविवारी पाच वाढवा."

दत्तोबा बाजूला तांदूळ निवडत बसला होता. त्यानं ताट खाली ठेवलं.

"ह्यो नेम पुस्तकात हाय का तुझा?"

"माझा आहे, मामा." आचाऱ्याला सगळी पोरं मामाच म्हणायची.

"तुला कुणी सांगितला?"

"कुणी नाही. सुचला."

"बराबर सुचला. मंत्राचं तसंच आसतंय. पर निसता इस्वास धरून भागत न्हाय. पथ्य लागतंय."

तासभर तो पथ्यं सांगत राहिला आणि रणजित वहीत उतरवत राहिला. शेवटी दत्तोबाच मांत्रिक झाला. त्याला अक्षर लिहायचं जिवावर यायचं, म्हणून त्याच्या कागदावर मी लिहिलं: पथ्य पाळलं तर मंत्र चालतो. त्यानं ते मला दोनदा वाचायला लावलं.

दोन महिने त्याचा भगत आमच्या सगळ्यांत भारी ठरला. त्यानं पूर थांबवला, आंधळ्याला दिसायला लावलं, एका राक्षसाला दगड केलं. फासा टाकायच्या आधी कपाळाला लावायचा.

"मामा, फाशाला कणीक चारताय का काय?" दादासो चिडायचा.

"तुझ्यावानी चोराच्या हातनं फासा बी चोरटाच पडायचा, दादासो. तू आपली खिशं काप."

हसताना दत्तोबाला मी तिथंच पहिल्यांदा बघितलं.

एका गुरुवारी रणजितनं डाव रचला तो दत्तोबानंच सांगितलेल्या पथ्यांवरून. कळसचं त्याला काही ठाऊक नव्हतं. मला होतं. मी वेळेवर बोललो नाही.

"एक गाव आहे," रणजित सांगायला लागला. "तिथं एका बाईच्या मुलीला साप चावलाय. तीन कोसांवर वैद्य आहे, त्याच्याकडं औषध आहे. बैलगाडी जुंपून दारात उभी आहे. मामा, तुम्ही तिथं पोचलाय. काय करता?"

मी दत्तोबाच्या तोंडाकडं बघितलं. तोंडावर काही दिसलं नाही.

"मंत्र म्हणतो."

फाशावर दोन पडले. पाच मिळवून सात. भागलं नाही.

"एक तास गेला," रणजित म्हणाला. "आज दर फाशाला एक तास जाणार."

पुन्हा टाकला. चार.

"अवो मामा, घाला की पोरीला गाडीत," दादासो म्हणाला. "उगं का वैद्य ठेवलाय ह्यानं?"

"तू गप. पथ्य मोडलंय कुणीतरी. घरच्या बाईला इचार."

रणजितनं बाईचा बारीक आवाज काढला. "मी काही मोडलं नाही, महाराज."

"नीट आठीव."

"आठवलं. नाही मोडलं."

"तसं कसं?" दत्तोबाचा आवाज चढला. "कुणीतरी मोडलंच आसणार. त्याबिगर मंत्र आडतोय व्हय?"

रणजित बाईचं सोंग सोडून साध्या आवाजात बोलला. "मामा, नियम बघा ना. मंत्र तुमच्या विश्वासावर चालतो. त्या बाईनं काय खाल्लं, काय प्यालं, त्याचा मंत्राशी काय संबंध? संबंध आहे असं तुम्हाला वाटतं, एवढंच. आणि आता तुम्हाला शंका आली, म्हणजे पाच वजा."

"मग बाईनं खोटंच व्हय म्हणावं की," दादासो म्हणाला. "मामांचे पाच तरी परत येतील."

"चालेल," रणजित म्हणाला. "मामांना खरं वाटलं की झालं." आणि पुन्हा बाईच्या आवाजात, "मोडलं महाराज, मीच मोडलं."

दत्तोबानं फासा टाकला. एक पडला.

"दिवस मावळला," रणजित म्हणाला. "मुलगी गेली."

दत्तोबा म्हणाला, "पैल्याच फाशाला गाडीत घातली आसती तर?"

"वाचली असती. वैद्याकडं औषध होतंच."

"आन् दुसऱ्या फाशानंतर?"

"तरीही."

"आन् ती बाई व्हय म्हणली, त्याच्या आदी?"

रणजितनं बोटांवर तास मोजले. "तेव्हाही वेळ होता, मामा."

दत्तोबानं फासा रणजितच्या वहीवर ठेवला, तांदळाचं ताट उचललं आणि चुलीकडं गेला. त्या दिवशी पस्तीस पोरांच्या भाकरी करपल्या. कुणी तक्रार केली नाही, मालकसुद्धा गप जेवला. त्यानंतर गुरुवारी आम्ही बसलो तरी दत्तोबा आला नाही. काम आहे म्हणायचा.

महिन्याभरानं सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसातला फोन वाजला. मी जवळ होतो, मी उचलला. पलीकडून मानसिंग ओरडत होता. मी पळत जाऊन दत्तोबाला आणलं. पिठाच्या हातानंच त्यानं रिसीव्हर धरला. मानसिंगचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"दत्तोबा, सुप्रियाला पान लागलंय! माझ्या सुनंला! घोणस हाय, मारून ठिवलीया. मंत्र रुसलाय सांगू नगंस, पाया पडतो. मी जीप पाठवतो, तू निघ."

दत्तोबाचा डावा हात आपसूक पटक्याच्या शेवाकडं गेला. शेव त्यानं मुठीत धरला. गाठ मारली नाही.

"गाठ मारलीस का?" तिकडनं विचारलं.

"मारली," दत्तोबा म्हणाला. "आता नीट ऐक, मानसिंगा. पथ्य बदललंय. मंत्र हितनंच चालंल, बारामतीच्या सरकारी दवाखान्याच्या पायरीवरनं. जीप मला आणाया लावू नगंस, तिला घालून आण. वाटंत कुठं थांबलास तर मंत्र गेला. पाला चारू नगंस, दोरी बांधू नगंस, कापू नगंस. पाय हालवू दिऊ नगंस."

"दवाखान्याच्या पायरीवर? आसं कुठं आसतंय का?"

"गाठ मारलीया म्हणलं न्हवं? इस्वास न्हाय का?"

"हाय की. हाय. निघालोच."

मी दत्तोबाबरोबर दवाखान्यात गेलो. जीप यायच्या आधीच त्यानं डॉक्टरला सांगून ठेवलं, घोणस आहे म्हणून. तासाभरात जीप आली. सुप्रियाला उतरवली, आत नेली, सलाईन लावलं, सुया दिल्या. मानसिंग पायरीवर दत्तोबाच्या शेजारी बसला आणि हात जोडून म्हणाला, "म्हण आता." दत्तोबा समोरच्या भिंतीकडं बघत बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी सुप्रिया उठून चहा प्याली. मानसिंग नारळ घेऊन पायरीवर आला. दत्तोबा तिचा डबा घेऊन आला होता.

"दत्तोबा, एक इचारू? मंत्र म्हणताना तुझं व्हट हालताना दिसलं न्हाईत."

"म्हणलाच न्हाय."

"आन् गाठ?"

दत्तोबानं पटक्याचा शेव त्याच्यापुढं धरला. मानसिंगनं तो बोटांनी चाचपून बघितला.

"मंजी सुईनंच उठली म्हण."

"व्हय."

"सारजाला लागली ती बी घोणसच हुती."

"व्हय."

"मी दोनदा ट्रॅक्टर चालू केला हुता, दत्तोबा."

"ठाऊक हाय मला."

मानसिंगनं नारळ न फोडता पायरीवरच ठेवला आणि आत गेला.

त्याच आठवड्यात दत्तोबा मला म्हणाला, "कळसला येतोस का? तू अंथुर्ण्याचा हाईस. तुझ्या देखत एक बोलायचंय. तुमच्या गावात तिला काय म्हणत्यात ते तुला ठाऊक हाय. जाऊन सांगशील."

आम्ही एसटीनं गेलो. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं छपरी. कौसल्यामामींनी पाय धुवायला पाणी दिलं. बाई काटक, केस पिकलेले. सुप्रिया वाचल्याचं त्यांच्या कानावर आलेलं होतं, पण कशी वाचली हे मानसिंगनं गावात सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन ताटं वाढली. हुलग्याची उसळ, भाकरी, कांदा. उसळीच्या भांड्यावर झाकण होतं.

दत्तोबानं झाकण उचललं नाही. भाकरी मोडली.

"आज इचारलं न्हाय?" त्या म्हणाल्या.

"न्हाय इचारत. ह्याच्यापुढं बी न्हाय इचारायचो." त्यानं मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला. "कौसल्ये, सुप्रियाला मी मंत्र म्हणला न्हाय. दवाखान्यातल्या सुईनं उठली ती. तू पडवळ खाल्लंस म्हणून सारजा गेली न्हाय. मंत्रात कायबी न्हवतं. माझ्या हट्टापायी गेली. ह्ये पोरगं अंथुर्ण्याचं हाय, ह्याच्या देखत सांगतो. तुझ्या आंगावर काय न्हाय."

कौसल्यामामी तव्यावरची भाकरी परतत होत्या. परतलेली भाकरी त्यांनी पुन्हा परतली. मग तवा खाली घेतला.

"मी पडवळ खाल्लंच न्हवतं," त्या म्हणाल्या.

दत्तोबानं मान वर केली.

"द्वारकीनं पावट्याची आमटी केली हुती. ती खरं बोलत हुती, तिला समद्यांनी येड्यात काढलं." आवाज अगदी रोजचा होता, बाजारभाव सांगावा तसा. "तुमचा मंत्र आडला हुता. तुमी इचारलं, कोण बोलंना. तुमी गुडघ्याव हात ठिवला. मला वाटलं, आता ह्येच उठलं तर पोर हातची गेली. दवाखान्यावर माझा भरवसा न्हवता, तुमच्यावर हुता. कुणीतरी कबूल व्हाय पायजेल हुतं, म्हणून मी झाले. म्हणलं, तुमास्नी खरं वाटंल आन् मंत्र चालंल."

"आन् इतकी वरसं बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? मंत्रात खोटं बोलले म्हणून ती गेली, आसंच मी धरून चालले. पडवळापरीस ते वंगाळ. पडवळ तरी चुकून खातंय माणूस."

चुलीतलं लाकूड पुढं सरकवायला त्या वाकल्या, पण सरकवलं नाही. तशाच वाकून बोलल्या.

"आन् आज तुमी म्हणताय मंत्रात कायच न्हवतं. मंजी मी गप बसले आसते तर तुमी उठलाच हुता. टॅक्टर चालू हुता."

दत्तोबा बायकोच्या अंगावरचं ओझं उतरवायला आला होता, आणि आता खाली ठेवता येईना असं दुसरं त्यानंच तिच्या हातात दिलं होतं.

"जेवा," त्या म्हणाल्या. "गार हुतंय."

आम्ही जेवलो. उसळीला मीठ बरोबर होतं. निघताना कौसल्यामामी दारापर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, "अंथुर्ण्याला ह्यातलं काय सांगू नगंस, बाबा. पडवळच ऱ्हाऊ दे."

मी सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या तेव्हा आमच्या आळीतल्या बाया म्हणाल्या, पडवळवाली गेली. द्वारकाबाई तेवढी कोपऱ्यात बसून पावट्याची आमटी, पावट्याची आमटी म्हणत रडत होती. तेव्हाही मी गप बसलो.

कळसहून परत आल्यावर पुढच्याच बाजारी दत्तोबानं स्वतः मंडईतनं पडवळ आणलं. विळीवर चिरलं, हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. पोरांनी ताटाच्या कडंला सारून ठेवली. दत्तोबा सगळ्यांच्या मागनं एकटा बसला आणि ताट पुसून जेवला. चव कशी आहे विचारलं तर म्हणाला, "कशालाच न्हाय."

वर्ष संपत आलं, परीक्षा लागल्या. शेवटच्या गुरुवारी रणजितनं वही उघडली. सगळ्यांच्या सोंगांचा निकाल लावायचा होता. माझा लढवय्या राजा झाला. दादासोचा चोर तुरुंगातनं पळाला. दत्तोबाचा कागद तेवढा तसाच राहिला होता, माझ्या अक्षरातला. रणजित कागद घेऊन चुलीपाशी गेला. दत्तोबा पीठ मळत होता.

"मामा, तुमच्या भगताचं काय करू? त्याला गुरू करतो एखाद्या गावचा. चेले देतो चार."

"नगं."

"मग हिमालयात पाठवू?"

"कुठंच पाठवू नगंस. हाय तितंच ऱ्हाऊ दे त्याला."

"कुठं म्हणजे?"

दत्तोबानं परातीतला गोळा उलटा केला.

"त्या पोरीच्या उशाला. बसू दे तसाच."